वर काहीच ठेवायचं नाही : एका भूकंपघराची आवराआवर

लातूर जिल्ह्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं पुनर्वसन झालेलं एक गाव. घर चारशे चौरस फुटांचं : दोन खोल्या, मागं पत्र्याचं शेड, पुढं तुळस. घरात एकट्या राहणाऱ्या बाई त्रेसष्ट वर्षांच्या. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणत आले. मालक जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला कंपनीत, सून बाळंतपणासाठी माहेरी, लेक लातुरात दिलेली. मी लातुरातच राहते आणि लोकांची घरं आवरून, लावून देते. मावशींचं नाव आणि गाव इथं लिहीत नाही. त्याच अटीवर त्यांनी लिहायला हो म्हटलं.

मला बोलावलं लेकीनं. मावशी रात्री पाणी प्यायला उठल्या, अंधारात ज्वारीच्या पोत्याला अडखळल्या आणि डावं मनगट मोडलं. दीड महिन्याचं प्लास्टर. त्यात तीन-चार महिन्यांनी सून बाळ घेऊन येणार. लेकरू रांगायला लागलं की त्याला जमीन लागते, आणि या घरात जमीनच दिसत नव्हती. "ताई, आमचं ऐकत नाही आई. तुम्ही बाहेरच्या आहात, तुमचं ऐकेल," असं लेक म्हणाली. या वाक्यानं माझं बरंच काम अवघड होतं, हे मला अनुभवानं माहीत आहे. बाहेरच्या माणसाचं कुणी का ऐकावं?

पहिल्या दिवशी मी नुसतं बसून बघितलं. पोती, बारदानं, कोठी, पितळेच्या घागरी, वाकळांचा ढीग, दोन ट्रंका, गठुडी, लक्ष्म्यांचं सामान भरलेली खोकी, निळे प्लास्टिकचे पिंप. सगळं खाली. भिंतीच्या कडेनं सुरू होऊन मधल्या वाटेपर्यंत आलेलं. दारापासून चुलीपर्यंत जायला एक पाऊल मावेल एवढी फट. पण वर? भिंतभर कडप्प्याचा माळा होता, लोखंडी मांडणी होती, आणि दोन्ही रिकामे. मांडणीच्या वरच्या तिन्ही फळ्यांवर नुसती धूळ.

हा माळा मुलानं तीन वर्षांपूर्वी बांधून घेतला होता. त्याच दिवाळीत त्यानं आईला लेकीकडं धाडून दोन दिवसांत घर "साफ" केलं. दोन खेपा भंगारवाल्याला गेल्या, तांब्यापितळेची जुनी भांडी मोडीत गेली, आणि त्या पैशात आईसाठी स्टीलचा नवा सेट आला. मुलगा वाईट नाही. आईनं मोकळ्या, स्वच्छ घरात राहावं एवढंच त्याला वाटत होतं. पण त्या दिवाळीनंतर मावशींनी घरातली चिंधीसुद्धा बाहेर जाऊ दिली नाही. शेजारीण खताची रिकामी बॅग मागायला आली तरी नाही. आधी शेडमध्ये असलेलं सामानही घरात आलं, नजरेसमोर. लेक सांगते, आज दिसतो त्यातला निम्मा ढीग त्या सफाईच्या नंतरचा आहे. असं मी आणखी दोन-तीन घरांत पाहिलंय. माणसाच्या पाठीमागं घर रिकामं केलं की ते दुप्पट भरतं, कारण वस्तूंबरोबर भरवसाही गेलेला असतो.

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी मी सोपं गणित केलं : खाली गर्दी, वर जागा, तर उचलून वर ठेवू. टाकायचं काहीच नाही म्हटल्यावर मावशीही गप्प बसल्या. मी आणि शेजारचा एक मुलगा, आम्ही दोघांनी दुपारपर्यंत हंडे, एक ट्रंक, वाकळा, खोकी सगळं माळ्यावर चढवलं. जमीन दिसायला लागली. मला फार बरं वाटलं. मावशी उंबऱ्यात बसून होत्या. एकदाच म्हणाल्या, "काय ठिवायलीस वर?" मी सांगितलं, त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सगळं परत खाली. हात प्लास्टरमध्ये असताना, एका हातानं, रात्रीतून. पितळी हंडासुद्धा. खुर्चीवर चढून उतरवला होता. पडल्या असत्या तर? मी रागावले नाही, घाबरले. विचारलं, मावशी, असं का केलंत? त्यांनी माळ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"वर ठिवलेलं खाली येतं, बाई. म्या बघितलंय."

एवढंच बोलल्या. मी लातुरात वाढलेली, तरी हे आधी लक्षात आलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी पांढरी माती टाकायची म्हणजे गळत नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. थर वाढत गेला. उन्हाळ्यात ते घर गार, थंडीत ऊबदार, आणि त्या पहाटे ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. त्याच्याबरोबर फळीवरची भांडी, उतरंडी, दिवळीतले देव. जी ५२ गावं पूर्ण दुसरीकडं वसवली, त्यांतलं हे एक. नवी घरं शेतजमिनीच्या मानानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची मिळाली. मावशींच्या सासऱ्यांचं घर चौसोपी होतं, ढाळज होती, धान्याला भिंतीतलं बळद होतं. तिथलं जे हाताला लागलं ते या ४०० फुटांत आलं.

म्हणजे ढीग आळसाचा नव्हता. तीस वर्षं ही बाई डोक्याच्या वर काहीही ठेवत नाही. मुलानं बांधलेला माळा तिच्या लेखी घरात घुसलेलं माळवद होतं, आणि त्याच्याखाली ती रोज झोपत होती. झोपत कुठं होती? अगदी दाराशी, कडी हाताला येईल अशी. पोत्याला अडखळली ते त्यामुळंच : दार ते पाण्याचा माठ ही वाट पोत्यांमधून होती.

यानंतर आम्ही घराची मांडणी नव्यानं केली, आणि ती मावशींच्या भीतीला धरून केली. ही भीती काढून टाकायची माझी लायकी नाही आणि गरजही नाही. भूकंपाच्या पट्ट्यात झोपण्याच्या जागेवर जड वस्तू नसावी, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चुकलेलं होतं ते एवढंच की जमिनीवर पसरण्याखेरीज दुसरा मार्ग त्यांना कुणी दाखवला नव्हता.

कडप्प्याचा माळा काढला. मुलाला मी फोनवर कारण सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, काढा. मांडणीही काढली. दोन्ही खोल्यांच्या लांब भिंतींना कमरेएवढी, तीन फुटी लोखंडी कपाटं करून घेतली. जड सगळं तळाला, हलकं वर. दारांना कडी, म्हणजे हादऱ्यानं आपोआप उघडणार नाहीत. प्रत्येक कपाट मागून लोखंडी पट्टीनं आणि बोल्टनं भिंतीत आवळलं. फॅब्रिकेशनवाला म्हणत होता, एवढं बुटकं कपाट कशाला आवळायचं, पडत नाही ते. मावशींनी त्याला उभं राहून सगळे बोल्ट मारायला लावले. मालकांचा हार घातलेला फोटो पलंगाच्या डोक्याकडून समोरच्या भिंतीवर, खालच्या उंचीला आणला आणि काच काढून त्याजागी पातळ प्लास्टिकचा पत्रा बसवला. पलंग ते दार ही तीन फुटांची वाट कायम मोकळी, तिथं चप्पलसुद्धा नाही. दाराशेजारी बॅटरी लटकवली.

ही कपाटं आल्यावर अर्थातच सगळं मावणार नव्हतं. खरं काम आता होतं.

मी नियम तीनच ठेवले. मावशींच्या हाताशिवाय कुठलीही वस्तू हलणार नाही. रोज दोन तासांच्या वर काम नाही. आणि जे द्यायचं ठरेल ते लगेच बाहेर जाणार नाही, आठ दिवस शेडमध्ये थांबेल. त्या मुदतीत मन बदललं तर परत आत. "ठेवायचं की टाकायचं" हा प्रश्न मी विचारलाच नाही. त्या प्रश्नाला अशा घरात उत्तर एकच येतं. मी विचारायचे, हे कुठून आलं, आणि आता कुणाकडं जावं? "वर्षभर वापरलं नाही तर टाका" हा सल्ला मी बऱ्याच ठिकाणी वाचते. ज्या मुलखात पाऊस चार वर्षांतून एकदा दगा देतो तिथं वर्ष हे माप फारच तोकडं आहे.

पाण्याच्या पिंपांचं तसंच झालं. २०० लिटरची सहा पिंपं. लेक म्हणाली, नळ आलाय आता, सहा कशाला? पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लेक आपल्या लातूरच्या घरातून इथं कपडे धुवायला यायची, हे मावशींनी तिला आठवण करून दिलं. तीन पिंपं शेडमध्ये विटांवर, तोंडं झाकून राहिली. दोन लेकीनं नेली, काहीही न बोलता. तडा गेलेलं एक भंगारात गेलं.

धान्य, खोकी, पोती यांत फार सांगण्यासारखं नाही. ज्वारी दोन कोठ्यांत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. सर्वांत खालचं पोतं उचललं तर त्याचा तळ वाळवीनं खाल्लेला. जमिनीला टेकून ठेवण्याचा तोटा मावशींनी तिथं स्वतःच बघितला, मला बोलावं लागलं नाही. महालक्ष्म्यांचं सामान, मुखवटे, स्टँड, झालरी, साड्या, सगळं एका पेटीत, वर चिठ्ठी चिकटवून. मुखवटे मऊ सुती कापडात वेगवेगळे गुंडाळले. जातं तुळशीपाशी राहिलं. ते ढिगाऱ्यातून निघालेलं, दगड तो, त्याला काय होणार. गावात लग्न असलं की हळद दळायला लोक ते मागून नेतात, म्हणून ते दारात दिसणंच बरं.

कागदांबद्दल मात्र थांबून सांगते, कारण इथं लोक फार नुकसान करून घेतात. ट्रंकेत तांबड्या फडक्यात बांधलेलं दप्तर होतं. त्यात पंचवीस वर्षांची वीजबिलं, बियाण्याच्या पावत्या, आणि त्यांच्यामध्ये घराचं ताबापत्र, जुने सातबारा, १९५४ च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीची) नक्कल, आणि सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचे पाच उर्दू कागद. मुलाच्या सफाईत हे दप्तर वाचलं ते केवळ ट्रंकेला कुलूप होतं म्हणून. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हाचे महसुलाचे, न्यायाचे बरेच कागद उर्दूत. वाचता येत नाही म्हणून रद्दी समजून ते दिले जातात. २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा घरोघर ट्रंका उघडल्या गेल्या, आणि ज्यांनी कागद रद्दीत घातले होते त्यांची तोंडं मी पाहिली आहेत. हे पाच कागद आम्ही औश्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून वाचून घेतले. तीन शेतसाऱ्याच्या पावत्या, रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात. एक गहाण सुटल्याचा कागद. एक खाजगी पत्र, कुणाच्या तरी लग्नाचं आवतण. प्रत्येकाच्या मागं नाही, तर वेगळ्या चिठ्ठीवर मराठीत अर्थ लिहिला. मोबाइलनं दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढले. लॅमिनेशन केलं नाही, तुम्हीही करू नका : त्या उष्णतेनं आणि डिंकानं जुना कागद कायमचा बाद होतो. वीजबिलं आणि पावत्या, शेवटच्या तीन वर्षांच्या सोडून, मावशींनी स्वतः चुलीत घातल्या.

मालकांची धोतरं आणि सदरे बावीस होते. गावातली एक बाई वाकळा शिवून देते. त्यांच्याकडून दोन वाकळा शिवून घेतल्या, आतून सदऱ्यांचे तुकडे, वरून मावशींची जुनी लुगडी. एक सुनेच्या बाळासाठी, लहान. शिवणाऱ्या बाईंनी खिशाची एक पट्टी तशीच राहू दिली, मावशींनी सांगितलं म्हणून. एक धोतर वेगळं काढलं, ते कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही.

मग राहिलं एक गठुडं. हिरव्या लुगड्यात बांधलेलं, उशाएवढं. पहिल्याच दिवशी मावशींनी मला सांगितलं होतं, "त्याला हात लावू नको, माय." मी लावला नाही. चौथ्या आठवड्यात, लेक आलेली असताना, त्यांनी ते स्वतः मांडीवर घेतलं. गाठ एका हातानं सुटेना. लेकीनं पुढं हात केला, त्यांनी नको म्हटलं, दातानं ओढून सोडवली.

आत एक झबलं होतं, पिवळं, फुलांचं. एक टोपडं. एक चांदीचा वाळा, चेपलेला. जोडीतला दुसरा सापडलाच नव्हता. मावशींना लेकीच्या आधी एक मुलगी होती, दोन वर्षांची. त्या पहाटे ती आजीजवळ झोपली होती, आतल्या खोलीत. फोटो एकही नाही.

झबल्याला कसर लागली होती. खांद्याकडची बाजू जाळीसारखी झालेली, बोट लावलं की धागा सुटत होता. मावशी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हे असंच झालं असणार हे मला ठावं हुतं, म्हणून तर उघडत नव्हते. कितीतरी वर्षं त्या गठुड्याला नुसत्या सांभाळत होत्या, आत काय उरलंय हे बघायची छाती होत नव्हती. लेक रडली. आपल्याला एक ताई होती, तिचं नाव काय होतं, एवढं लेकीला माहीत होतं. झबलं राहिलंय हे माहीत नव्हतं.

मला विचारलं, आता याचं काय करू? मी जे येतं ते सांगितलं. धुवायचं नाही, धुतलं तर विरून जाईल. दोन दिवस सावलीत, वाऱ्याला, सुती कापडावर पसरून ठेवायचं. डांबरगोळी थेट कापडाला लागू द्यायची नाही. स्वच्छ धुतलेल्या मऊ सुती कापडात सैल गुंडाळून, घडी न करता, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून वारा द्यायचा. मावशींनी तेव्हा ते वेगळं काढलेलं धोतर आणलं आणि त्यातनं फडकं फाडलं. डबा पलंगाच्या उशाकडच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. उघडायचा असतो हे आता त्यांना पटलंय. हिरवं लुगडं वाकळेत गेलं.

त्याच दुपारी त्यांनी घागरीचं सांगितलं. मुलानं मोडीत घातलेल्या भांड्यांत एक तांब्याची चेपलेली घागर होती. ढिगाऱ्यातून पहिली वस्तू ती निघाली, आणि त्या दिवशी मालकांनी तिच्यातनं गाडलेल्या माणसांना पाणी पाजलं, कुणाकुणाला. ती वजनावर गेली. लेकीनं भावाला फोनवर सांगितलं. तो पुढच्या रविवारी आला, तालुक्याच्या गावी त्या भांड्याच्या दुकानात जाऊन विचारून आला. तीन वर्षांनी मोडीतली घागर सापडत नसते. तो शेडमध्ये बराच वेळ बसला होता. ही गोष्ट भरून निघालेली नाही, आणि मी तसं लिहिणार नाही.

सगळ्यात अडलो ते ब्लँकेटांपाशी. नऊ राखाडी ब्लँकेटं, भूकंपानंतर मदतीत आलेली, बोचरी, जड. एकही अंगावर घेतलेलं नाही. दोन कसरीनं खाल्लेली. मी दोनदा विषय काढला, दोनदा नाही म्हणाल्या. मी सोडून दिलं. कपाटाचा एक कप्पा त्यांनाच दिला. डिसेंबरात गावाबाहेर ऊसतोडीची टोळी उतरली, बीडकडची. मोकळ्या माळावर कोप्या घातलेल्या. मावशी शेताकडून येताना तिथं थांबल्या, काय बघितलं ते सांगितलं नाही. संध्याकाळी शेजारच्या मुलाला हाक मारली आणि सात ब्लँकेटं त्याच्या गाडीवर टाकून स्वतः बरोबर गेल्या. आठ दिवसांची मुदत वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन आला : "आम्हालाबी कुणीतरी दिल्याच हुत्या की."

सून बाळ घेऊन फेब्रुवारीत आली. मी मार्चमध्ये जाऊन आले. एक पोतं पुन्हा वाटेत आलं होतं, हरभऱ्याचं, रास नुकतीच झाली म्हणून. ते दोन दिवसांत हलवते म्हणाल्या. कपाटांवर काही नाही. बाळ वाकळेवर पालथं पडून मान उचलत होतं. सून सांगत होती, रोज रात्री दिवा मालवायच्या आधी आत्या तिन्ही कपाटं एकेक करून हलवून बघतात, मगच झोपतात.